स्वतःसाठी काही न मागणारं गाणं



१९८२ साली सागर सरहदी यांचा ‘बाज़ार’ हा चित्रपट आला. संगीत खय्याम यांचं. त्यात मीर तकी मीर यांची गझल आहे, मख़दूम मोहिउद्दीन यांची आहे. आणि या थोरांच्या पंगतीत एक गीत आपल्या औरंगाबादच्या बशर नवाज यांचं आहे: ‘करोगे याद तो’. आवाज भूपिंदर सिंग यांचा.

हे गीत हुकलेल्या प्रेमाचं. अमेरिकेत जॅझच्या बहराच्या काळात अशा प्रेमाची गाणी फार गायली गेली. टॉर्च साँग म्हणतात त्यांना. बिली हॉलिडे गाऊ लागली की त्या बाईचं जळणं आपल्यापर्यंत पोचतं. ती आपलं दुःख आपल्या तोंडानं सांगते.

बशरसाहेबांच्या गीतातला प्रियकर मात्र स्वतःबद्दल जवळजवळ बोलतच नाही. ‘परत ये’ नाही, ‘तू दगा दिलास’ नाही. गाणं पुन्हा ऐका, सगळं भविष्यकाळात आहे. तिला पुढे कधी आठवण झालीच, तर काय काय दिसेल, एवढंच तो सांगतो. चंद्र, ढग, पावसाळी धूसर हवा, वाट बघणारं एक दार. स्वतःच्या हृदयाचा उल्लेख येतो तो वितळत्या मेणबत्त्यांच्या ओळीत, आणि लगेच मागे सरतो. पुढे येते तिच्या हातावरची मेंदी.

ती मेंदी मला फार जाळते. कारण चित्रपटाची गोष्टच अशी: हैदराबादच्या गरीब घरातली कोवळी पोर, आखातातला पैसा घेऊन आलेला वयानं मोठा नवरा, आणि लग्नाच्या नावाखाली झालेला सौदा. अशा घरात मेंदी म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची खूण. हे एकदा लक्षात आलं की हे नुसतं विरहगीत उरत नाही. गरिबीनं हिरावलेल्या प्रेमाचं ते गाणं होतं.

हा संयम काही आकाशातून पडलेला नाही. अठराव्या शतकात इथंच सिराज औरंगाबादींनी प्रेमात ‘मी’ आणि ‘तू’ दोन्ही विरघळवून टाकणारी गझल लिहिली. आबिदा परवीन ती आजही गातात. बशर नवाज त्याच मातीतले.

२०१५ साली ते गेले. गाणं लागलं की आपण भूपिंदरचं नाव घेतो, खय्यामचं घेतो. यापुढे कुणाला हे गाणं ऐकवाल तेव्हा कवीचं नावही सांगा, आणि तो आपल्या शहरातला होता हेही सांगा.