बेताच्या पैशांत चामड्याचें जाकीट

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाटूर हें गांव लागतें. परतूर तालुक्यांतील या गांवाच्या फाट्यावरून पौषांतल्या पहांटे जीं माणसें मोटारसायकलींवरून जातात, त्यांचा पोषाख पाहण्यासारखा असतो. जालन्याच्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांतून रात्रपाळी संपवून परतणारा कामगार कानांभोवतीं मफलर आवळून असतो. दुधाचे कॅन घेऊन निघालेल्या शेतकऱ्याच्या अंगावर दोन-दोन स्वेटर असतात. आणि एखाद्यानें शर्टाच्या आंत छातीशीं वर्तमानपत्राची घडी दडपलेली असते. वर्तमानपत्र वाचण्याप्रमाणेंच पांघरण्यासही उपयोगी पडतें, हा शोध गरजेनें लावलेला आहे. याच रस्त्यानें एखादा तरुण चामड्याचें काळें जाकीट घालून निघाला, कीं घरांतील वडील मंडळी त्याला चैन म्हणतात आणि तो स्वतः त्याला गरज म्हणतो. या दोन शब्दांमधील अंतर किती आणि तें किती पैशांत ओलांडतां येतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम तरुणाची बाजू पाहूं. हवेचें उष्णतामान १० अंश असतां ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या माणसाच्या उघड्या कातडीला सुमारें ५ अंशांची थंडी भासते. लोकर ऊब धरून ठेवते हें खरें. परंतु तिच्या विणीच्या छिद्रांतून वारा आंत शिरला, कीं ती ऊब पळवून नेतो. चामडें वाऱ्याला वाट देत नाहीं. म्हणूनच त्याच्या आंत एक साधा स्वेटर असला तरी बाहेरच्या दोन स्वेटरांचें काम होतें. चामड्याचा दुसरा गुण याहून महत्त्वाचा आहे. गाडी घसरून माणूस डांबरी रस्त्यावर फरफटत गेला तर सुती कापड क्षणार्धांत झिजून फाटतें आणि पुढची झीज अंगाच्या कातडीची होते. जाड चामडें तेवढ्या अवधींत आपलें अंग झिजवून माणसाचें अंग वांचवितें.

याच दोन गुणांमुळें अमेरिकेंत या पोषाखाचा जन्म झाला. न्यूयॉर्क शहरांतील अर्व्हिंग शॉट यानें १९२८ सालीं खास मोटारसायकलवाल्यांसाठीं एक जाकीट तयार केलें, आणि आपल्या आवडत्या चिरुटाच्या नांवावरून त्याचें नांव ‘परफेक्टो’ असें ठेवलें. त्याची किंमत त्या वेळीं साडेपांच डॉलर होती. त्याची ठेवण आजही नमुन्यादाखल मानली जाते, आणि तिच्यांतील प्रत्येक बाब कामाची आहे. समोरची चेन मधोमध नसून तिरपी आहे, कारण तिच्यामुळें चामड्याचा एक पदर दुसऱ्यावर येऊन छातीवर वाऱ्याला फट राहत नाहीं, आणि स्वार पुढें झुकला म्हणजे पोटाशीं चेनीची गुंडाळीही होत नाहीं. कॉलरचीं टोकें टिच-बटणांनीं बसविलेलीं असतात, तीं वाऱ्यानें फडफडून गालावर बसूं नयेत म्हणून. कमरेचा पट्टा आणि मनगटावरच्या चेनी यांचेंही प्रयोजन वारा अडविणें हेंच. पुढें १९५३ सालीं ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटांत मार्लन ब्रँडो या नटानें अशाच धर्तीचें जाकीट घातलें, आणि कामगाराचा हा पोषाख जगभरच्या तरुणांचा दिमाख झाला. गरजेच्या वस्तूवर चैनीचा शिक्का बसला तो असा.

आतां खुद्द चामड्याकडे वळूं. कारण पैसे फुकट जातात ते याच ठिकाणीं. जनावराच्या कातड्याचा केसांकडील वरचा थर हा तंतूंनीं घट्ट विणलेला आणि सर्वांत बळकट असतो. तो जसाच्या तसा राखलेलें चामडें उत्तम समजावें. कांहीं वेळां वरचे ओरखडे घासून, त्यावर रंगाचा लेप देऊन, खोटी रवाळ नक्षी उठविलेली असते. हें मध्यम प्रतीचें. जाड कातडें चिरून वरचा थर काढून घेतल्यावर जो खालचा थर उरतो, तो बराच कमजोर असतो. आणि चामड्याचा चुरा गोंदासारख्या द्रव्यानें चिकटवून केलेला जो तक्ता, त्याला चामडें म्हणणें म्हणजे भुशाच्या फळीला सागवान म्हणण्यासारखें आहे. ‘अस्सल चामडें’ एवढी इंग्रजी चिठ्ठी या साऱ्यांवर लावलेली आढळते. म्हणून तिच्यावर भिस्त ठेवूं नये.

जनावराप्रमाणेंही फरक पडतो. मेंढीचें चामडें लोण्यासारखें मऊ, अंगाला सुखकर, पण लवकर फाटणारें. तें शहरांत मिरवावयास ठीक. बकऱ्याचें चामडें पातळ असूनही चिवट आणि हलकें असतें. म्हशीचें चामडें जाड, टिकाऊ, पण रवाळ आणि वजनदार असतें. महाराष्ट्रांत १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यांत २०१५ सालीं दुरुस्ती होऊन गाईंबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीस बंदी झाली. तेव्हांपासून इकडील कारागिरांचा भर म्हशीच्या व शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यांवर आला. मोटारसायकलीसाठीं गाय-म्हशीच्या जातीचें चामडें एक मिलिमीटरहून थोडें जाड, म्हणजे १.१ ते १.४ मिलिमीटर, असावें असा साधारण संकेत आहे. चिमटींत धरलें असतां तें कापडासारखें चुरगळतां कामा नये.

चामडें कमावण्याची विद्या मराठी मुलखाला नवी नाहीं. ढोर आणि चर्मकार समाजांतील कारागिरांनीं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यांत कातडीं मुरवून मोटा, पखाली, जोडे आणि कोल्हापुरी वहाणा शतकानुशतकें पुरविल्या. मराठवाड्यांत बांधाबांधावर पिवळ्या फुलांनीं बहरणारा तरवड, त्याचीही साल याच कामीं येते. या पद्धतीस आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रोमियमच्या क्षारांनीं कमावण्याची रीत अमेरिकेंत रूढ झाली. तिनें काम थोड्या दिवसांत होऊं लागलें आणि चामडें मऊ, पाण्याला अधिक दाद न देणारें निघूं लागलें. आज बहुतेक जाकिटें याच रीतीच्या चामड्याचीं असतात. ज्या हातांनीं हें कष्टाचें आणि दुर्गंधीचें काम पिढ्यान् पिढ्या केलें, त्यांच्या वांट्याला समाजानें मोबदला थोडा आणि अवहेलना फार दिली, हें जाकिटाची किंमत करतांना विसरूं नये. भाव पाडून घेण्याची हौस कारागिराच्या मजुरीवर भागविणें ही काटकसर नव्हे.

मुंबईस धारावींत, तसेंच कानपूर, आग्रा, कलकत्ता आणि मद्रासकडील अंबूर, राणीपेठ येथें चामड्याचा मोठा व्यवहार चालतो. धारावीच्या दुकानांत मापें देऊन जाकीट शिवून घेण्याची सोय मिळूं शकते, आणि प्रसिद्ध नांवाच्या छापाचे पैसे त्यांत वांचतात. मात्र गिऱ्हाईकाला पारख हवी. ती फारशी अवघड नाहीं. कापलेली कड पाहावी : खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिनच्या कडेला कापडाची वीण आणि वर प्लॅस्टिकचा पापुद्रा. अंगठ्यानें दाबावें : खऱ्या चामड्यावर बारीक सुरकुत्या पडून मावळतात. छिद्रें पाहावीं : निसर्गाचीं छिद्रें सारखीं नसतात, यंत्राचीं अगदीं सारखीं असतात. काडी ओढून जाळून पाहण्याचा सल्ला कांहीं जण देतात. तो दुकानदाराच्या मालावर अन्याय आहे, आणि त्याची आवश्यकताही नाहीं. रेक्झिनचें जाकीट प्रथम दिसावयास झकपक असतें, पण दमट आणि उष्ण हवेंत त्याचा वरचा लेप कांहीं वर्षांतच पापुद्र्यांनीं सुटूं लागतो. मग तें ना थंडीचें, ना शोभेचें.

शिवण हा यानंतरचा मुद्दा. खांदे, कोपरे आणि बाह्यांच्या बाहेरच्या बाजूस दुहेरी किंवा तिहेरी टाके असावे आणि दोरा नायलॉनचा अगर पॉलिएस्टरचा असावा. सुती दोरा घामानें व ओलीनें कुजतो, आणि शिवण उसवली म्हणजे उत्तम चामडेंही निरुपयोगी होतें. खांद्यांत व कोपरांत संरक्षक गाद्या बसविण्यासाठीं अस्तराच्या आंत खिसे आहेत कीं नाहींत, तें पाहावें. गाद्यांवर युरोपांतील १६२१ क्रमांकाच्या प्रमाणाची खूण असते. संपूर्ण जाकिटासाठीं तिकडे २०२० पासून १७०९२ या प्रमाणाखालीं प्रती ठरविल्या आहेत. तीन ‘ए’ अक्षरें असलेली प्रत सर्वांत वरची. असा शिक्का नसलेलें जाकीट टाकाऊ ठरत नाहीं. पण विकणारा ‘सुरक्षित’ हा शब्द उच्चारील, तेव्हां त्याच्याकडे ही खूण मागावी.

मापाच्या बाबतींत मराठी घरांतील एक जुनी संवय आड येते. मुलाला कपडे घ्यावयाचे ते वाढत्या अंगाचे, अशी आईबापांची रीत असते. शाळेच्या सदऱ्यापुरती ती शहाणपणाची. जाकिटाच्या बाबतींत ती घातक. सैल जाकिटांतील गादी पडतांना कोपरावरून सरकते आणि नेमकी गरज असते तेथून नाहींशी होते. म्हणून जाकीट घालून, शक्य तर गाडीवर बसून, दोन्ही हात मुठींशीं धरून पाहावें. बाही मनगटापर्यंत पोंचली पाहिजे, पाठीमागून कमर उघडी पडतां कामा नये आणि मुंढ्यांत हात आवळतां कामा नये. चामडें वापरानें अंगाप्रमाणें थोडें सैलावतें, पण लांबीला वाढत नाहीं. आंत एक पातळ स्वेटर मावेल एवढी जागा पुरे.

ज्यांना नवें परवडत नाहीं त्यांनीं जुन्याची लाज बाळगूं नये. चांगल्या चामड्याचें दहा वर्षें वापरलेलें जाकीट हलक्या प्रतीच्या नव्या जाकिटाहून केव्हांही सरस. त्याचें अस्तर फाटलेलें असेल तर गांवचा शिंपी बदलून देईल. चेन बिघडली असेल तर तीही नवी बसेल. परंतु घड्यांच्या जागीं चामड्याला खोल भेगा पडल्या असतील, किंवा बुरशीचा वास आंतपर्यंत भिनला असेल, तर तें फुकट मिळालें तरी महागच. जें दुरुस्त होतें त्याच्यासाठीं भाव कमी करून घ्यावा. जें दुरुस्त होत नाहीं त्यासाठीं दुकानाची पायरी उतरावी.

येथें वडील मंडळींचीही बाजू ऐकली पाहिजे. वाटूरच्या हवेंत चामड्याचें जाकीट सुखानें अंगावर राहतें तें कार्तिकापासून माघापर्यंत. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो; तेव्हां तें घालणें शिक्षाच. पावसाळ्यांत भिजलेलें चामडें जड होतें आणि घरांत बुरशी धरतें. म्हणजे वर्षांतून चार महिन्यांच्या सोबत्यासाठीं किती खर्च करावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्या आठ महिन्यांत त्याची निगाही राखावी लागते. तें रुंद खांद्याच्या हँगरवर, वारा खेळेल अशा जागीं टांगावें. प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंडूं नये. भिजल्यास सावलींत सुकवावें, उन्हांत किंवा चुलीशेजारीं नव्हे. खोबरेल तेल चोपडण्याचा मोहही आवरावा. जास्त तेलानें चामडें ढिलें होतें आणि धूळ धरतें.

या साऱ्यांतून खर्चाचा क्रम ठरवितां येतो. १९३५ च्या मे महिन्यांत ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडांत मोटारसायकलीवरून पडले आणि डोक्यास मार लागून सहा दिवसांनीं वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे शस्त्रवैद्य होते. केर्न्स यांनीं पुढें मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि शिरस्त्राणाचें महत्त्व १९४१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत मांडलें. आज भारतांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमानें चालविणाऱ्याला आणि मागें बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचें आहे, आणि १ जून २०२१ पासून भारतीय मानकाची खूण नसलेलें हेल्मेट विकतां येत नाहीं. झिजलेलें ढोपर भरून येतें. फुटलेलें डोकें भरून येत नाहीं.

समजा, घरांत या कामासाठीं पांच हजार रुपये बाजूला काढले आहेत. त्यांतून पहिलें मानकाचें हेल्मेट घ्यावें, आणि मागें कोणी नेहमीं बसत असेल तर दुसरेंही. मग हातमोजे, कारण पडतांना माणूस प्रथम हात टेकतो. मग घोटा झांकणारे बूट. उरलेल्या पैशांत जुनें पण निकोप चामडें मिळालें तर तें घ्यावें. न मिळाल्यास गाद्या बसविलेलें जाड कापडी जाकीट घ्यावें, जें उन्हाळ्यांतही अंगावर राहूं शकतें. पांच हजारांत हें सर्व देऊन वर पुऱ्या जाडीचें नवें चामड्याचें जाकीटही देऊं करणारा विक्रेता भेटला, तर त्याच्या औदार्यापेक्षां त्याच्या चामड्याची चौकशी करावी. आणि ज्याचें मन चामड्यावरच बसलें आहे त्यानें एक हिंवाळा थांबावें. त्या एका हिंवाळ्यापुरती छातीशीं वर्तमानपत्राची घडी चालेल. डोक्यावर मात्र घडी केलेला रुमाल चालणार नाहीं. घरच्यांना चैन नको असते असें नाहीं. त्यांना रात्रपाळीहून परतणारा माणूस हवा असतो. ज्या खरेदीनें तो परतण्याची आशा वाढते, ती कितीही देखणी असली तरी गरजच होय.