घरपट्टीवरचे नाव

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



घरपट्टी हा काही वर्धापनदिनाला शोभेसा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरी आमच्या घरची हकीकत ऐका.

माझे सासरे वारले. घर त्यांच्या नावाचे, राहत होत्या सासूबाई. घरपट्टीचे बिल सासऱ्यांच्याच नावाने येई आणि सासूबाई ते देवघरातल्या फळीवर ठेवीत. आम्हांला वाटे, भावोजी भरीत असतील. त्यांना वाटे, आम्ही भरतो. नणंदेला तर कोणी विचारलेच नाही. चौथ्या वर्षी जप्तीची नोटीस आली, तीही कैलासवासी सासऱ्यांच्या नावाने, ‘थकबाकीदार’ म्हणून. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वाण्याची उधारी ठेवली नाही त्याला हे नाव! सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

दोष सर्वस्वी आमचा होता. 1949 च्या महानगरपालिका कायद्याप्रमाणे थकलेल्या करावर दरमहा 2 टक्के शास्ती चढते. दहा हजारांचे बिल वर्षभर फळीवर राहिले की 2,400 रुपये गेलेच. शिवाय हा कर म्हणजे घरावरचा पहिला बोजा. ज्याला घर मिळते त्याला थकबाकीही मिळते. वारसाहक्काने घर मिळाले म्हणून निराळा कर मात्र नाही. 1953 साली आलेली इस्टेट ड्यूटी 1985 मध्ये रद्द झाली.

त्याच कायद्यात असेही आहे, की घरमालक वारल्यास वारसांनी एक वर्षाच्या आत महापालिकेला तसे कळवावे. दिवसकार्याच्या गडबडीत हे कोणाच्या ध्यानात येणार? वर्षश्राद्धाची तिथी मात्र आपण विसरत नाही; तिच्या आधी हा अर्ज द्यावा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आता बायकांच्या दृष्टीने महत्त्वाचे. बिलावर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली असे नाही. ती नोंद कर वसूल करण्यापुरती असते. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित घरात त्याची विधवा, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा हिस्सा असतो. भावाने एकट्याचे नाव लावले म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही. पण ‘नुसते नाव लावायचे आहे, सही कर’ असे म्हणून पुढे केलेला कागद हक्कसोडपत्र नाही ना, हे वाचून पाहावे. माहेरच्या चहाबरोबर पुष्कळ सह्या होऊन जातात!

आपल्या पुण्यात आणखी एक गोष्ट आहे. स्वतः राहत्या घराला 1970 पासून 40 टक्के सवलत होती. 2019 मध्ये ती गेली, 2023 मध्ये परत आली. आई गेल्यावर मुलांनी घर भाड्याने दिले की ही सवलत मिळत नाही. भाडे ठरवताना हा हिशेब कोणी करीत नाही आणि पुढे बिल पाहून भावंडांत धुसफूस होते.

आमच्या बिलावर आता सासूबाई, दोन्ही मुलगे आणि नणंद अशी चार नावे आहेत. नणंद आपला वाटा न चुकता पाठवते, बहुधा सर्वांच्या आधी.

अर्जाला मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि कर भरल्याची शेवटची पावती जवळ ठेवावी. ज्यांना अर्ज लिहिताना मदत हवी असेल त्यांनी गुरुवारी दुपारी मंडळात यावे. येताना बिल आणावे, मग ते कोणाच्याही नावाचे असो.