मॉरिशसची मतपेटी आणि पांडेसऱ्याची मतदार यादी

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





मंडळाने विषय आमच्यावर सोडला, म्हणून आम्ही निवडणुकीचा घेतला. घाबरू नका, कोणाचा प्रचार नाही. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत आहोत, पक्षाचे नाव तोंडातून काढायची आम्हाला मुभा नाही आणि इच्छाही नाही. पण निवडणूक आली की डिप्लोमावाला असो की डिग्रीवाला, ऑर्डर निघते आणि आमच्यासारखे लोक मशीन, सीलची लाख आणि फॉर्मची पिशवी घेऊन एखाद्या शाळेच्या वर्गात मुक्कामाला जातात. त्यामुळे या विषयाकडे आम्ही टीव्हीसमोर बसून नाही, टेबलामागे बसून पाहतो. आज त्या टेबलामागून तुम्हाला थोडे लांब, हिंदी महासागरात न्यायचे आहे.

मॉरिशस. सुरत जिल्ह्याच्या निम्म्यात मावेल एवढा देश. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, मतदार दहा लाखांच्या जरा वर. आपला चोर्यासी विधानसभा मतदारसंघ २०२४ ला एकटाच पाच लाखांच्या पुढे होता, म्हणजे असे दोन मतदारसंघ झाले की एक देश! तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, कारण तिथे मराठी माणूस आहे. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून मजूर नेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि कोकणपट्टीतले पुष्कळ होते. आपण जळगाव, धुळे, नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीत बसून मिलच्या आणि लूमच्या कामाला आलो, ते जहाजात बसून उसाच्या कामाला गेले. त्यांना परतीचा पॅसेंजर नव्हता, एवढाच फरक. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, ते तुम्ही बातम्यांत पाहिलेच असेल.

या देशात निवडणूक झाली की बाहेरचे निरीक्षक येतात. आफ्रिकन युनियनचे, आणि दक्षिण आफ्रिकेकडच्या देशांची साडेक नावाची संघटना आहे तिचे. ते बूथवर जातात, वहीत लिहितात, मशीनला किंवा पेटीला हात लावत नाहीत, कोणाला आदेश देत नाहीत. शेवटी अहवाल देतात की हे चांगले झाले, हे सुधारा. निरीक्षकाने कसे वागावे याची एक जागतिक संहिताही आहे, २००५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात ती जाहीर झाली. पाहुण्यासारखे जा, हिशेबनिसासारखे पहा, आणि यजमानाच्या घरात ढवळाढवळ करू नका, असा तिचा एकंदर सूर आहे.

आता त्यांचे म्हणणे काय असते? सरकारी टीव्हीने सगळ्यांना सारखा वेळ द्यावा, पक्षांच्या पैशाचा हिशेब उघड असावा, स्त्रिया अधिक याव्यात. हे मुद्दे पुन्हा पुन्हा येतात. स्त्रियांच्या बाबतीत गंमत अशी की, मॉरिशसने २०११ साली नगरपालिकांच्या निवडणुकीसाठी कायदा केला की निदान एक तृतीयांश उमेदवार स्त्रिया असाव्यात (आणि पुरुषही, कायदा दोघांना सारखाच लागू). पण संसदेसाठी तसे काही नाही. आपल्या सुरत महानगरपालिकेत ३० वॉर्ड, १२० नगरसेवक, त्यात निम्म्या जागा बायकांच्या. इथे आपण त्यांच्या पुढे आहोत, हे मान्य करायला हरकत नाही. निवडून आलेल्या बाईंच्या वतीने फोन कोण उचलतो हा प्रश्न वेगळा, तो आज नको.

आम्हाला सर्वांत अधिक रस वाटला तो मतमोजणीच्या मुद्द्यात. साडेकने २००४ च्या ऑगस्टमध्ये निवडणुकीची तत्त्वे ठरवली. त्यात एक साधे वाक्य आहे: मतमोजणी मतदान केंद्रावरच व्हावी. ही तत्त्वे ठरली कुठे? खुद्द मॉरिशसमध्ये, ग्रां बे या गावी. आणि मॉरिशस मात्र संध्याकाळी पेट्या बंद करून मोजणी केंद्रावर नेतो, रात्रभर पोलीस पहाऱ्यात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी मोजतो. लग्न ज्याच्या मांडवात, त्याच्याच घरचा नवरदेव उपाशी, तसे झाले. त्या एका रात्रीचाच संशय लोकांना. २०१९ च्या ७ नोव्हेंबरच्या निवडणुकीनंतर अनेक याचिका कोर्टात गेल्या, एका मतदारसंघात फेरमोजणी झाली. एक याचिका तर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचली आणि २०२३ मध्ये फेटाळली गेली. चार वर्षे! तोवर पुढच्या निवडणुकीची वेळ आली.

आता आपले पहा. आपल्याकडे २०२४ मध्ये गुजरातचे मतदान ७ मे रोजी झाले आणि मोजणी ४ जूनला. अठ्ठावीस रात्री. मॉरिशसवाल्याला एका रात्रीची झोप नाही आणि आपण महिनाभर निवांत? पूर्ण निवांत नाही. स्ट्राँगरूमला सील असते, उमेदवार स्वतःचे सील लावू शकतात, बाहेर त्यांचे लोक बसू शकतात. पण आमच्या मते खरा पहारेकरी वेगळाच आहे. तो एक कागद आहे, फॉर्म १७ सी. मतदान संपले की केंद्राध्यक्ष त्यात लिहितो की या मशीनमध्ये एकूण इतकी मते पडली, आणि हजर असलेल्या प्रत्येक पोलिंग एजंटला त्याची नक्कल द्यावी लागते. मोजणीच्या दिवशी मशीनचा आकडा त्याच्याशी जुळला पाहिजे. हा कागद ज्याच्या खिशात आहे त्याला अठ्ठावीस रात्री जागायची गरज नाही.

पण होते काय? संध्याकाळी सहाला एजंट कंटाळलेले असतात. कोणी चहाला गेलेला, कोणाची रात्रपाळी असते, कोणी म्हणतो, “साहेब, राहू द्या, तुमच्यावर विश्वास आहे.” विश्वास आहे हे चांगलेच, पण नियमात विश्वासाचा रकाना नाही. आम्ही एजंटला थांबवून नक्कल हातात देतो, सही घेतो. या सभागृहात जे कोणी कोणत्याही पक्षाचे एजंट म्हणून बसत असतील त्यांना सांगणे आहे की तेवढा अर्धा तास थांबा. परदेशी निरीक्षक जे महागडे अहवाल लिहितात, त्यातला निम्मा भाग हाच आहे.

मॉरिशसची दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, आणि ती थेट आपल्या जातीची. म्हणजे स्थलांतर केलेल्यांच्या जातीची.

तिथे २० मतदारसंघांतून प्रत्येकी ३ आणि रॉड्रिग्ज बेटावरून २, असे ६२ खासदार निवडून येतात. प्रत्येक मतदाराने तीनही मते द्यायचीच, कमी दिली तर मतपत्रिका बाद. (आपल्या महापालिकेला चार मते असतात, कमी द्यायची असतील तर ‘रजिस्टर’चे बटण दाबून मोकळे होता येते.) त्यावर आणखी ८ जागा असतात, हरलेल्यांतून भरायच्या. याला तिथे ‘बेस्ट लूजर’ म्हणतात. हेतू चांगला होता. १९६८ च्या स्वातंत्र्याआधी छोट्या समाजांना भीती वाटत होती की संख्येच्या रेट्यात आपण संपू, म्हणून ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याच्या पराभूत उमेदवाराला आत घ्यायचे. पण मग उमेदवाराने अर्जात आपला समाज लिहिणे सक्तीचे. खाने चार: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि बाकी सगळे ‘सर्वसाधारण’. तुमच्या रहाणीवरून तुम्ही पहिल्या तिघांत बसत नसाल तर चौथ्यात, असे राज्यघटनेतच लिहिले आहे. तिथला मराठी माणूस ‘हिंदू’ खान्यात जातो. शिवाय हिशेब अजून १९७२ च्या जनगणनेवर चालतो, कारण त्यानंतर समाजवार मोजणीच झाली नाही. त्या वर्षी जन्मलेले मूल आज आमच्यापेक्षा थोडे मोठे असेल!

काही तरुण उमेदवारांनी खाना भरायला नकार दिला. त्यांचे अर्ज बाद झाले. ते लढत लढत संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिले. २०१४ ला एका निवडणुकीपुरती सूट मिळाली, नंतर पुन्हा जैसे थे. त्याही आधी, २००१-०२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती आल्बी साक्स यांच्या आयोगाने आणखी ३० जागा मतांच्या प्रमाणात वाटण्याची शिफारस केली होती. ती कागदावरच आहे. १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन वेळा तिथे मुख्य बेटावरच्या सगळ्या ६० जागा एकाच आघाडीला गेल्या. २०२४ मध्ये हरलेल्या आघाडीला पंचवीस टक्क्यांहून अधिक मते होती, निवडून आलेला खासदार एकही नाही.

आम्ही विचार करतो की पाव देशाने मत दिले आणि हाती शून्य. त्यांना काय वाटले असेल? पण मग आठवते की खाडीपलीकडे जायला नको, आपल्या शेजारीच सुरत लोकसभा मतदारसंघ आहे. २०२४ ला तिथे एका उमेदवाराचा अर्ज सूचकांच्या सह्यांवरून बाद झाला, बाकीच्यांनी अर्ज मागे घेतले, आणि २२ एप्रिलला एक उमेदवार बिनविरोध निवडून आला. कायद्याने जसे व्हायला हवे तसेच ते जाहीर झाले. पण त्या दिवशी सुरत शहराच्या मोठ्या भागातल्या माणसाला बोटाला शाई लावायची संधी मिळाली नाही, ‘नोटा’चे बटणही नाही. आपण पांडेसरावाले नवसारी मतदारसंघात येतो म्हणून मतदान करू शकलो. रस्त्याच्या त्या बाजूचा मित्र आम्हाला विचारत होता, “तुमच्याकडे गर्दी होती का?”

बाहेरचे निरीक्षक असते तर काय झाले असते? आम्हाला वाटते, फारसे काही नाही. मालदीवचे उदाहरण घ्या. २०१३ साली तिथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली, भारताने आपले तीन माजी मुख्य निवडणूक आयुक्त पाठवले, लिंगडोह, टंडन आणि गोपालस्वामी. ७ सप्टेंबरचे मतदान व्यवस्थित झाले असे निरीक्षकांनी सांगितले. महिन्याभराने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तेच मतदान रद्द केले. ऑक्टोबरात पुन्हा ठरलेले मतदान पोलिसांनी होऊ दिले नाही. अखेर नोव्हेंबरमध्ये दोन फेऱ्या झाल्या, आणि पहिल्यांदा पुढे असलेला उमेदवार हरला. निरीक्षकांचा अहवाल खोटा नव्हता, पण त्याला हात नव्हते.

आपल्याकडे उलट आहे. परदेशी पाहुणे येतात, २०२४ ला २३ देशांचे ७५ जण आले होते, काही गुजरातेतही फिरले, पण ते पाहुणेच. खरे निरीक्षक आपलेच, निवडणूक आयोगाने नेमलेले अधिकारी, आणि १९९६ पासून कायद्याने त्यांना मोजणी थांबवायला सांगण्यापर्यंत अधिकार आहे. देशातल्या देशात बाहेरचा माणूस. ही कल्पना आम्हाला आवडते.

आता शेवटचा मुद्दा, आणि मंडळाने आम्हाला बोलावले ते बहुधा यासाठीच. २०१९ ला मॉरिशसमध्ये कित्येक जण बूथवर गेले आणि त्यांची नावेच यादीत नव्हती. आपल्याकडे हे दर निवडणुकीला होते. भाडेकरू लिंबायतहून पांडेसऱ्याला येतो, पांडेसऱ्याहून भेस्तानला जातो, नाव जुन्या खोलीतच राहते. आडनाव गुजरातीत एक, मराठीत दुसरे. मतदानाच्या दिवशी आमच्या टेबलासमोर आधारकार्ड दाखवून माणूस भांडतो, आणि आम्ही काही करू शकत नाही, कारण यादीत नाव नाही म्हणजे नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्यातल्या अनेकांचे नाव दोन ठिकाणी आहे, इथे आणि गावाकडे. इथे मतदान ७ मे, जळगाव, रावेर, नंदुरबारला १३ मे, धुळ्याला २० मे. “शाई निघते का हो भाऊ?” असे आम्हाला हसत हसत विचारणारे भेटतात. गावाशी नाळ तुटू नये, सातबाऱ्यावर नाव आहे तसे यादीतही असावे, ही भावना आम्हाला समजते, आमचे स्वतःचे गाव धुळे जिल्ह्यात आहे. पण कायदा स्पष्ट आहे. एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, खोटे प्रतिज्ञापत्र दिले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि दोन मतदारसंघांत मत दिले तर दोन्ही मते बाद. याद्यांची छाननी झाली की सर्वांत आधी आपलीच मुले कागद शोधत फिरतील, कारण दोन राज्यांत नाव असलेला माणूस हा कोणाच्याही नजरेला चटकन संशयित दिसतो, मग तो कितीही सरळ असो.

म्हणून उत्सवाच्या दिवसांत तीन कामे करता येतात. मुलगा-मुलगी अठराची झाली असेल तर फॉर्म ६, आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारीचीच वाट पाहायची नाही. खोली बदलली असेल किंवा नावात चूक असेल तर फॉर्म ८. गावाकडचे नाव काढायचे असेल तर फॉर्म ७, किंवा इथले काढायचे असेल तर तोच. कुठले ठेवायचे ते ज्याने त्याने घरी बसून ठरवावे, त्यात आम्ही पडणार नाही. फॉर्म कसे भरायचे हे कोणाला विचारायचे असेल तर आरतीनंतर आम्ही मंडपाच्या डाव्या बाजूला, पावती पुस्तकाच्या टेबलाशेजारी बसलो आहोत. येताना मतदार ओळखपत्र आणि राहत्या खोलीचे लाइटबिल आणावे.