सूर्येचे पाणी आणि न्यायाचे माप
(मंडळीच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात देव धष्टपुष्ट मेंढरांना जाब विचारतो: स्वतः निवळ पाणी पिता, मग उरलेले पायांनी गढूळ का करता? आज मला पाण्याविषयी, आणि असा जाब विचारणाऱ्या व्यवस्थेविषयी बोलायचे आहे.

पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्प डहाणू, विक्रमगड, पालघर भागातील शेतीसाठी उभा राहिला. तिथे आपले वारली, कोकणा, कातकरी बांधव राहतात. पुढे त्याच पाण्यातून वसई-विरारला रोज १८.५ कोटी आणि मीरा-भाईंदरला २१.८ कोटी लिटर देण्याची योजना आली. शहरातल्या माणसालाही तहान आहे. त्यांत आपल्याच मंडळींची कुटुंबे आहेत. पण वाटणी करताना दोघांचेही ऐकणारा कोणी हवा.

जे खाते धरण बांधते, पाणी सोडते आणि पट्टी घेते, त्याच्याविरुद्ध दाद त्याच्याकडेच कशी मागणार? म्हणून २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. पाणीहक्क व दर ठरवणे आणि तंटे सोडवणे ही त्याची कामे. २०१४ मध्ये त्याने गोदावरी खोऱ्याबाबत आदेश दिला: ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे. विरोध झाला, पण २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. स्वतंत्र देखरेखीने खालच्या माणसाला न्याय मिळू शकतो, तो असा.

मात्र २०११ च्या दुरुस्तीने पिणे, शेती आणि उद्योग यांना किती पाणी द्यायचे हा निर्णय मंत्रिमंडळाकडे गेला. प्राधिकरणाचे हात तेवढे आखडले. म्हणून आपल्यालाच जागे राहावे लागेल.

कायद्यात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेची तरतूद आहे. संस्थेच्या नावे हक्क ठरतो आणि पाणी मोजून मिळते. एकट्या आदिवासी शेतकऱ्याचा अर्ज फाइलीत पडून राहतो. नोंदणी झालेल्या संस्थेला नाकारणे अवघड जाते. तेव्हा माझी विनंती आहे: नोंदणीची कागदपत्रे, सातबारा, कालव्याला पाणी किती दिवस आले याची वही, यांसाठी शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एक दिवस द्यावा.

प्रार्थना करूच. पण वहीही लिहू. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.