पवनचक्कीस स्टेपर मोटर

पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारींत वाऱ्याकडे पाहण्यास सवड कोणास? तरीहि गच्चीवर लहानशी पवनचक्की उभारण्याची हौस येथें पुष्कळांस असते, आणि मग पहिला प्रश्न उभा राहतो तो जनित्राचा. कुदळवाडीचीं भंगाराचीं गोदामें महापालिकेनें २०२५ सालीं जमीनदोस्त केलीं. पण निकामी प्रिंटर घरोघरीं असतात, आणि त्यांत स्टेपर मोटर सांपडते.

तिचा मोह पडावा हें साहजिक आहे. एक मीटर व्यासाचें चक्र सेकंदास ४ मीटर वेगाच्या वाऱ्यांत मिनिटाला सुमारें २०० ते ४०० फेरे घेतें. १२ व्होल्टांवर ३००० फेरे घेणारी साधी मोटर ३०० फेऱ्यांस जेमतेम सव्वा व्होल्ट देईल. नेहमीच्या २०० पावलांच्या स्टेपरमध्यें मात्र फिरत्या भागास ५० दांते असतात. एका फेऱ्यांत विजेचीं ५० आवर्तनें होतात. दांडा बोटांनीं फिरवला तरी एलईडी लुकलुकतो.

निवडतांना पाटीवरचे अँपिअर आधीं वाचावे. आकार सारखा असेल तर कमी अँपिअरची, म्हणजे बारीक तारेच्या अधिक वेढ्यांची मोटर मंद गतींतहि बॅटरी भरण्याइतका दाब देते. पाटी नसल्यास दोन तारा जोडून दांडा फिरवावा. तो जड लागला तर त्या तारा एकाच गुंडाळीच्या. प्रत्येक गुंडाळीस चार डायोडांचा स्वतंत्र पूल हवा. मोटर फार मोठी मात्र घेऊं नये. तिचा दांडा पावलोपावलीं चुंबकानें अडतो आणि मंद वाऱ्यांत पातीं जागचीं हालत नाहींत.

आतां शक्तीचा हिशेब. वरील वाऱ्यांत त्या चक्रावरून अवघे ३० वॅट जातात. पात्यांनीं तिसरा हिस्सा घेतला तरी १०, आणि मोटरमधील घट निराळीच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं शक्ति आठपट होते, पण आवर्तनें वाढल्यानें गुंडाळीच प्रवाहास अडवते. मग चक्र मोकाट सुटतें, आणि तारा जोडूनहि तें थांबेलच असें नाहीं. दाट वस्तींत हा विचार विजेच्याहि आधीं व्हावा. सोसाट्याच्या वाऱ्यांत चक्र बाजूस वळवणारें शेंपूट हवेंच.

सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडीच्या पठारावरचा वारा पिंपरीस नाहीं. पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा बरा असतो, हिवाळ्यांत चक्र बहुधा स्तब्ध राहील. त्या महिन्यांसाठीं त्याच बॅटरीस लहानसें सौरपॅनेल जोडावें, आणि त्याच्या वाटेवर एक डायोड बसवावा, म्हणजे रात्रीं बॅटरी उलट रिती होणार नाहीं.