पळवाट आणि विसावा
(ज्युबिलीच्या सभेंत केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त आज आपण येथें जमलों आहोंत. अशा प्रसंगीं पूर्वजांची स्तुति करून खालीं बसावें, हा सुलभ मार्ग होय. परंतु मोशेच्या नियमशास्त्रांत ज्युबिलीचा अर्थ निराळा आहे. दर पन्नासाव्या वर्षीं, जो माणूस दारिद्र्यामुळें आपल्या वतनास व कुटुंबास अंतरला असेल, त्यानें घरीं परत यावें, अशी ती आज्ञा होती. ज्युबिली हें परत येण्याचें वर्ष होय. म्हणूनच आज आम्ही पळून जाण्याविषयीं दोन शब्द बोलूं इच्छितों.

संसार कठीण आहे, हें सांगण्यास धर्मगुरूची गरज नाहीं. पिकाला भाव मिळत नाहीं, कर्जाचा हप्ता चुकतो, शिकलेला मुलगा घरीं बसून राहतो. अशा वेळीं मन पळवाट शोधूं लागतें. कोणी गुत्त्याची वाट धरतो, कोणी पत्त्यांच्या डावांत रात्र घालवितो, कोणी अंथरुणांत पडल्या पडल्या मध्यरात्रीपर्यंत मोबाईलचा पडदा सरकवीत राहतो. दुःख घटकाभर बाजूस सरतें. सकाळीं तें व्याजासह उंबरठ्यावर उभें असतें.

ही व्याधि आजची नव्हे. इ. स. ३९९ मध्यें निवर्तलेले इव्हाग्रियस नांवाचे तपस्वी इजिप्तच्या वाळवंटांत राहत असत. एकांतवासी संन्याशास भर दुपारीं ग्रासणाऱ्या एका विकाराचें वर्णन त्यांनीं करून ठेविलें आहे. दिवस सरतां सरत नाहीं. संन्यासी वारंवार खिडकीकडे पाहतो. जेवणाची वेळ झाली काय म्हणून बाहेर येऊन सूर्य न्याहाळतो. आणि अखेर, ही जागाच वाईट, दुसरीकडे गेलों तर सर्व सुरळीत होईल, असें त्यास वाटूं लागतें. या विकारास त्यांनीं ‘अकेदिया’ म्हटलें आहे. त्या खोलींत ना दारू होती, ना मोबाईल. खिडकी मात्र होती. पळूं पाहणाऱ्या मनास तेवढी पुरते.

दुसऱ्यांच्या खिडक्या दाखवून आपली झांकून ठेवणें आम्हांस शोभणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं, अन्य एका धर्मग्रामांत असतां, एक माता संध्याकाळीं आमच्या दाराशीं आली. मुलाच्या दारूपायीं घरांतलीं भांडींसुद्धां विकलीं गेलीं होतीं. “फादर, एकदां घरीं या, तुमचें तो ऐकेल,” एवढीच तिची विनंती होती. आम्हीं तिला नोव्हेना करावयास सांगितलें, हातांत जपमाळ दिली, आणि सणाच्या सजावटीची यादी करावयास बसलों. त्या घरांत पाऊल टाकण्याचें आम्हांस भय वाटत होतें, हें खरें कारण. पुढें तो मुलगा गांव सोडून गेला. ती माता रोज मिस्सेस येत राहिली. पण आमच्यापाशीं तिनें पुन्हां कांहीं मागितलें नाहीं. त्या संध्याकाळीं मुलगा गुत्त्यांत बसला होता आणि आम्ही कार्यालयांत, पळालों दोघेही.

मग विश्रांति घेऊंच नये काय? तसें मुळींच नाहीं. ईजबेल राणीच्या धाकानें एलिया संदेष्टा रानांत पळाला व एका झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. परमेश्वर त्याजवर कोपला नाहीं. दूतानें त्यास दोनदां उठवून भाकर व पाणी दिलें, मध्यें झोपूंही दिलें. आणि पुढें होरेब पर्वतावर परमेश्वरानें त्यास मागें फिरून आपल्या कामास लागण्याची आज्ञा केली. प्रभु येशूनेंही थकलेल्या प्रेषितांस विसाव्यासाठीं एकांत स्थळीं नेलें. परंतु तेथें वाट पाहणारा लोकसमुदाय दिसतांच त्यास कळवळा आला.

विसावा आपणांस आपल्याच उंबरठ्यावर परत आणून सोडतो. पळवाट त्यापासून दूर नेते. गाणें, नाटक, खेळ, मित्रांशीं गप्पा यांच्यानंतर घरच्या माणसांच्या डोळ्यांकडे मोकळेपणानें पाहवत असेल, तर तीं देवाचीं देणींच होत. कर्तव्य टाळण्यासाठीं ओढलेली जपमाळ मात्र पळवाटच ठरते.

उद्यां हा मांडव सुटेल, रोषणाई उतरेल. तेव्हां प्रत्येकानें आजवर टाळलेलें एक दार ठोठवावें: भावाचें, आजाऱ्याचें, सावकाराचें, अथवा प्रायश्चित्त संस्काराचें. ज्यांच्या घरीं व्यसनाचें दुःख आहे, त्यांनीं आमच्या दाराशीं यावें. जपमाळ आम्ही आजही देऊं. पण या खेपेस आपणांबरोबर घरापर्यंत चालत येऊं.

परमेश्वर आपणां सर्वांस परत येण्याचें धैर्य देवो.