पेशींचा जमाखर्च आणि वार्धक्य



अन्नातील प्रथिनांपासून शरीराला अमिनो आम्ले मिळतात. ती पेशींच्या बांधणीची सामग्री तर आहेतच, शिवाय पेशींना मिळणारी आज्ञाही आहेत. त्यांपैकी ल्युसिन पुरेसे मिळाले की पेशीतील ‘टॉर’ नावाचे प्रथिन जागृत होऊन वाढीस चालना देते. अमिनो आम्ले कमी पडली की पेशी स्वतःचेच जीर्ण घटक मोडून पुन्हा वापरते. यीस्टच्या पेशींत या ‘स्वभक्षणा’ची यंत्रणा उलगडणारे जपानचे योशिनोरी ओसुमी २०१६ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

सफाई खुंटली तर टाकाऊ घटक साचून पेशींचा नाश ओढवतो. वाढ खुंटली तर स्नायू झिजतात. वार्धक्यात स्नायू ल्युसिनच्या आज्ञेला पूर्वीइतका प्रतिसाद देत नाहीत. म्हणूनच २०१३ मध्ये तज्ज्ञांनी निरोगी ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज किमान १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचविली; म्हणजे ५० किलो वजनास ५० ते ६० ग्रॅम.

वय झाले म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या ताटातील डाळ, दूध, दही कमी करू नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. जोडीला नित्य चालणे व झेपेल तेवढा व्यायाम असावा.